ओसाकाची मारिओ कार्ट राइड: आधी टोपी, मग चष्मा

ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओज जपानमध्ये 'मारिओ कार्ट: कूपाज चॅलेंज' नावाची राइड आहे, निन्टेन्डोच्या मारिओ या व्हिडिओ गेमवर बेतलेली. ती मला मनापासून आवडली. का आवडली ते सविस्तर सांगते, कारण अशा राइड रचणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत आम्ही परीकथा, राक्षस, उडते गालिचे अशा विषयांवरच्या पार्कांसाठी व्हीआर, म्हणजे आभासी जगात नेणाऱ्या राइड तयार करतो. त्यातला माझा वाटा म्हणजे माणसाचा सगळा प्रवास आखणं, म्हणजे रांगेत पाऊल टाकल्यापासून हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवायचं यंत्र, परत देऊन बाहेर पडेपर्यंत. त्यामुळे अशा ठिकाणी गेले की माझं लक्ष पडद्यावर कमी आणि माणसांच्या हातांकडे जास्त असतं. पट्टा कुणाला जमतो, कोण गोंधळतं, कोण चष्मा लावल्यावर पहिल्यांदा शेजारच्याला हाक मारतं, हे मी बघत बसते.

ताई कोबेला राहते. बाबांना घेऊन तिच्याकडे गेले होते, तेव्हा तिच्या मुलासकट आम्ही चौघं तिथे गेलो. चौघंच होतो हे फार बरं झालं, कारण या राइडची गाडीही चौघांचीच असते. दोन जागा पुढे, दोन मागे, आणि प्रत्येकाला स्वतंत्र स्टिअरिंग.

काटेकोरपणे बोलायचं तर ही व्हीआर नव्हे, एआर. व्हीआरमध्ये डोळ्यांसमोरचं सगळं जग झाकलं जातं आणि त्या जागी दुसरं येतं. इथे समोर आरपार दिसणारी काच असते. खरा सेट, खरी गाडी, शेजारचा माणूस हे सगळं दिसत राहतं आणि त्यावर चितारलेली पात्रं तरंगतात. लोक दोन्हीला सरसकट व्हीआरच म्हणतात आणि तिकीट काढणाऱ्याला त्यानं काही फरक पडत नाही. रचणाऱ्याला मात्र फार पडतो, आणि ही राइड जिंकते ती याच फरकावर.

सुपर निन्टेन्डो वर्ल्ड हा पार्कातला भाग १८ मार्च २०२१ ला उघडला. खरं तर तो २०२० च्या ऑलिम्पिकआधी उघडायचा होता, पण महामारीमुळे लांबला. त्यावर साठ अब्ज येनहून जास्त खर्च झाल्याचं तेव्हा जाहीर झालं होतं, आणि तो पैसा कुठे गेला ते आत शिरताच समजतं. तुम्ही एका मोठ्या हिरव्या पाइपातून जाता, राजकुमारी पीचच्या किल्ल्यात निघता आणि किल्ल्याच्या दारातून बाहेर आलात की समोर ते अख्खं जग उभं असतं. नाणी गरगर फिरताहेत, मश्रूम सरपटताहेत, वर डोंगरावर काहीतरी सतत हलतंय. आजूबाजूचं शहर कुठूनच दिसत नाही. पाइपातून आत घालणं ही साधी युक्ती वाटते, पण तीच पुढच्या सगळ्याचा पाया आहे. बाहेरच्या उन्हातून आणि खरेदीच्या पिशव्यांतून माणूस थेट चष्म्यात गेला, तर त्याचं मन मागेच राहतं. इथे चष्मा लागेपर्यंत तो निम्मा पलीकडे पोचलेला असतो.

राइड कूपाच्या किल्ल्यात आहे. हा कूपा म्हणजे पाठीवर काटेरी कवच असलेला राक्षस, अमेरिकेत त्याला बाउजर म्हणतात. रांग त्याच्या घरातून जाते. त्याचा भलामोठा पुतळा लागतो, त्याच्या वाचनालयाची खोली लागते, बाँब तयार होतात तो कारखाना लागतो. आमचा भाचा वाचनालयात रेंगाळला, कारण राक्षसाला पुस्तकं वाचायला आवडतात हे त्याला फारच पटलं होतं. एवढी लांब रांग असूनही मी कंटाळले नाही, आणि रांगेच्या बाबतीत मी चिडकी आहे.

आता टोपीबद्दल. गाडीत बसण्याआधी एका टप्प्यावर प्रत्येकाला लाल रंगाचं, मारिओच्या टोपीच्या पुढच्या झापेसारखं एक कडं देतात. ते डोक्यावर चढवायचं आणि मागची चकती फिरवून घट्ट करायचं. त्यात काच नाही, पडदा नाही, तार नाही. नुसतं कडं. ते घालून तुम्ही पुढे चालत राहता. चालता चालता ते डोक्यावर बसतं, कपाळावर टोचलं तर सैल करता, मुलाचं कडं नीट करून देता, एकमेकांकडे बघून हसता. मग गाडीत बसल्यावर समोर तारेनं जोडलेला चष्मा असतो, तो उचलून कपाळाजवळ नेला की लोहचुंबकानं कड्याला आपोआप चिकटतो. टक्. बस्स. बाबांनी तो पहिल्याच झटक्यात लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "लागला गं, सोपं आहे की."

ही 'टक्' ज्यानं रचली त्याला मी मनोमन नमस्कार केला. का, ते ज्यांनी एखाद्या मॉलमधल्या व्हीआरच्या दुकानात हेडसेट चढवून बघितला आहे त्यांना लगेच कळेल. पुण्यातल्या एका मॉलमध्ये मी बाबांना असं एकदा बसवलं होतं. आधीच्या मुलाचा घाम हेडसेटच्या फोममध्ये तसाच मुरलेला होता. दुकानातल्या पोऱ्यानं कागदी रुमालानं वरवर पुसून तो बाबांच्या तोंडावर दाबला. बाबांचा चष्मा आत अडकला, पट्टा कानावर आला, चित्र धूसर दिसायला लागलं, आणि हे सगळं चालू असताना समोर ड्रॅगन केव्हाच उडायला लागला होता. निम्मी राइड पट्टा सावरण्यात गेली आणि उरलेली मळमळीत.

हा त्रास त्या एका दुकानापुरता नव्हता. त्यानं एक अख्खी लाट बुडवली. २०१५ साली जर्मनीतल्या रूस्ट गावच्या यूरोपा-पार्कनं आपल्या जुन्या आल्पेनएक्सप्रेस या रोलर कोस्टरवर व्हीआर आणलं. बसायचं खऱ्या गाडीत, पण डोळ्यांना दिसणार दुसरंच जग. कल्पना भन्नाट होती आणि तिच्यात एक फार मोठं शहाणपणही होतं. खुर्चीत बसून नुसता हेडसेट लावला तर डोळे सांगतात 'उडतोय' आणि कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो 'बसलाय'. या भांडणातून मळमळ येते. कोस्टरवर शरीर खरोखरच वळतं, पडतं, उसळतं. चित्र त्याच्याशी जुळलं तर भांडणच संपतं. पुढच्या वर्षी इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्स पार्कनं गॅलॅक्टिका हे असंच व्हीआर कोस्टर आणलं, अमेरिकेत सिक्स फ्लॅग्जच्या पार्कांनी कितीतरी कोस्टरवर हेडसेट चढवले, २०१७ ला ओरलँडोच्या सीवर्ल्ड पार्कनं क्राकेन या कोस्टरवर व्हीआर आणलं. आणि मग दोन-तीन हंगामांत बहुतेकांनी ते काढून टाकलं. क्राकेनवर तर ते पुढच्याच वर्षी बंद झालं. लोकांना चित्र आवडलं नाही म्हणून नव्हे. दोन मिनिटांच्या राइडसाठी प्रत्येकाचा पट्टा तपासायचा, प्रत्येक हेडसेट पुसायचा, चष्मेवाल्यांची समजूत काढायची, तोपर्यंत गाडी स्थानकात उभी. एरवी तासाला जितकी माणसं बसून उतरायची त्यांची संख्या घसरायची आणि मागे रांगेत लोक तापायचे. पार्क चालवणाऱ्याला हा हिशोब परवडत नाही.

या कड्याचं मूळ मला त्याहूनही मागे दिसतं. नव्वदच्या दशकात डिस्नेच्या लोकांनी फ्लोरिडातल्या आपल्या एप्कॉट पार्कमध्ये अलादीनच्या उडत्या गालिच्याचा व्हीआर प्रयोग १४ महिने चालवला आणि ४५,००० हून जास्त पाहुण्यांचं निरीक्षण केलं. संगणकशास्त्राचे प्राध्यापक रँडी पॉश त्यात होते. १९९६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्यावर निबंध लिहिला, तो आमच्या स्टुडिओत नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात वाचायला देतात. त्यातली एक गोष्ट माझ्या टेबलासमोर कायम लावलेली आहे: पाहुण्यांवर तंत्रज्ञानाची छाप पडत नाही, त्यांना आत काय घडतं त्याच्याशी मतलब असतो. आणि दुसरी, जी कुणी लावत नाही पण लावायला हवी: त्या हेडसेटचं आतलं अस्तर वेगळं निघायचं. पाहुणा ते आधीच डोक्यावर बसवून घ्यायचा आणि जड यंत्र नंतर त्यावर अडकवलं जायचं. स्वच्छता सुटली, वेळ वाचला. मधल्या काळात भ्रमणध्वनीवर चालणारे स्वस्त हेडसेट आले आणि सगळेजण हा धडा विसरले. ओसाकात तो लाल झापेच्या रूपात परत आला आहे, आणि तोही असा की पाहुण्याला वाटावं आपल्याला वेशभूषाच दिली. स्वच्छतेची सोय आणि कथेतला पोशाख एकाच वस्तूत बसवणं म्हणजे राइड रचण्याच्या कलेतला फार वरचा दर्जा आहे.

गाडी सुटते. ती हळू चालते, आधीच सांगते, कारण शर्यतीचं नाव ऐकून अंगावर येणाऱ्या वेगाची अपेक्षा ठेवून गेलेले कॉलेजचे मुलगे बाहेर पडताना हिरमुसलेले असतात. वेगाचा भास आजूबाजूच्या पडद्यांतून, भिंतींवर टाकलेल्या प्रकाशचित्रांतून आणि गाडीच्या वळण्या-घसरण्यातून येतो. पाण्याखालचा रस्ता येतो, ढग येतात, शेवटी इंद्रधनुष्याचा रस्ता. चष्म्यात प्रतिस्पर्धी गाड्या दिसतात. ज्याला मारायचं त्याच्याकडे मान वळवून बघायचं आणि स्टिअरिंगवरचं बटण दाबायचं, की गेममधलं कासवाचं कवच भिरभिरत जाऊन त्याला लागतं. इमॅजिकात अलीबाबाच्या गुहेत बंदुकीनं नेम धरायची राइड ज्यांनी केली असेल त्यांना हा खेळ ओळखीचा वाटेल. फरक इतकाच की इथे नेम हातानं नाही, मानेनं धरायचा.

आत खूप अंधार ठेवला आहे आणि पात्रांचे रंग भडक, उजळ आहेत. हे केवळ शोभेसाठी नाही. आरपार काचेवर चित्र म्हणजे प्रकाश, आणि प्रकाशानं काळा रंग काढता येत नाही. मागचं जग उजेडात असेल तर चितारलेलं पात्र भुतासारखं पुसट दिसतं. हे मी बाहेर आल्यावर बाबांना समजावून सांगायला लागले. बाबांनी आयुष्यभर सातारा आगारातून एसटी चालवली. ते म्हणाले, "म्हणजे रात्री पसरणी घाटात आतला दिवा लावला की पुढच्या काचेवर आपलंच तोंड दिसतं आणि रस्ता दिसत नाही, तसंच ना? म्हणून तर आम्ही आतला दिवा बंद ठेवायचो." तसंच. त्यांना जे टाळायचं होतं, तेच इथल्या लोकांना घडवायचं होतं. मी नवीन मुलांना हेच समजावताना आकृत्या काढते. आता बाबांचं उदाहरण देणार.

एक तांत्रिक गोष्ट थोडी खोलात जाऊन सांगते, कारण तिचं श्रेय दिसत नाही म्हणून कुणी देत नाही. हेडसेटमध्ये फिरण्याचा वेग मोजणारा संवेदक असतो. मान डावीकडे वळली की तो ओळखतो आणि चित्र तेवढं उजवीकडे सरकवतो. पण गाडीच डावीकडे वळली आणि मान सरळच राहिली तर? संवेदकाच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच. म्हणून चालत्या गाडीतला हेडसेट एकटा शहाणा असून चालत नाही. गाडी या क्षणी कुठे आहे, किती वळली आहे हे गाडीनं त्याला सांगावं लागतं, आणि त्यातून गाडीचं वळणं वजा करून उरलेलं ते मानेचं. हे सगळं इतक्या झटपट व्हावं लागतं की माणसाला उशीर जाणवू नये. आम्ही साधारण वीस मिलिसेकंदांची मर्यादा पाळतो. व्हीआरमध्ये थोडी चूक झाली तरी खपते, कारण तुलना करायला खरं काही दिसतच नसतं. आरपार काचेत मात्र खरा खांब आणि त्याच्यामागून डोकावणारं खोटं पात्र एकाच वेळी दिसतं. बोटभर फरक पडला तरी डोळा पकडतो. मी मुद्दाम खेळ सोडून कडांकडे बघत बसले. पात्रं जागेवर टिकत होती. गाडी गरगर फिरतानाही टिकत होती. त्या क्षणी मी काय बघत होते हे गाडीतल्या बाकी तिघांना कळणं शक्य नव्हतं, पण मला भरून आलं होतं.

आता स्टिअरिंग. चष्म्यात बाण दिसतो, तो सांगेल तेव्हा तिकडे वळवलं की नाणी मिळतात. गाडी मात्र आपल्या ठरलेल्या वाटेनंच जाते. स्टिअरिंगनं ती वळत नाही. बाबांना हे दुसऱ्याच वळणावर कळलं. "गाडी चाकाचं ऐकंना," ते म्हणाले, आणि तरीही शेवटपर्यंत दोन्ही हातांनी चाक धरून प्रत्येक बाणाला चोख वळवत राहिले. कवचं त्यांनी जवळजवळ फेकलीच नाहीत. भाच्यानं उलट केलं, चाकाकडे ढुंकूनही न बघता तो धडाधड कवचं फेकत होता. आमच्या गाडीत नाणी सर्वांत जास्त बाबांची झाली.

यावर माझं मत ठाम आहे. चाक दिलं की हात त्याच्यावर विश्वास ठेवतो, आणि चाक फिरवून काहीच हललं नाही तर हाताला फसवल्यासारखं वाटतं. वाट बदलू नका, सुरक्षेसाठी ती ठरलेलीच हवी. पण चाक फिरवल्यावर गाडीचं तोंड वाटेवरच थोडंसं, हातभर जरी त्या बाजूला झुकलं असतं, तर बाबांसारख्या माणसाला ती गाडी आपली वाटली असती. अलादीनच्या गालिच्यावर तीस वर्षांपूर्वी पाहुण्याला खरंच हवं तिकडे उडता येत होतं, कारण तिथे बैठक जागच्या जागीच होती. खरी गाडी आली आणि हातातलं स्वातंत्र्य गेलं. ही अदलाबदल प्रत्येक राइडमध्ये करावी लागते. माझा कौल इथे केलेल्या निवडीच्या बाजूनं आहे, पण तो हातभर झुकाव मला हवा होता.

दुसरी उणीव गर्दीची. पहिल्यांदा बसणाऱ्याला काय काय बघायचं हेच कळत नाही. खरे सेट, पडदे, प्रकाशचित्रं, चष्म्यातल्या गाड्या, नाणी, बाण, कवचांचा आकडा, सगळं एकदम. ताईनं आयुष्यात कधी मारिओ खेळलेला नाही. तिला अर्धी राइड होईपर्यंत आपण कुणाच्या बाजूनं आहोत हेच उमगलं नव्हतं. रांगेत सूचना दाखवतात, पण पाहून कळणं वेगळं आणि हाताला कळणं वेगळं. सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात एकच लक्ष्य, एकच बटण, मग हळूहळू बाकीचं, अशी चढण असती तर ताईसारख्या माणसाला राइडचा उत्तरार्ध तरी पूर्ण मिळाला असता. ज्यांना हा खेळ लहानपणापासून पाठ आहे त्यांना हा भाग खटकणार नाही, आणि रचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तेच लोक होते हे उघड आहे.

पण मी जर एकाच गोष्टीसाठी या राइडला डोक्यावर घ्यायचं ठरवलं, तर ती म्हणजे सोबत. बंद हेडसेटमध्ये माणूस एकटा पडतो. शेजारी आई बसलेली असते, पण दिसत नाही. मूल हात चाचपडत तिला शोधतं. आमच्या चाचण्यांत लहान मुलं हेडसेट उचलून आई आहे ना हे बघतात, दर वेळी बघतात. इथे भाच्याला कूपा अंगावर आला तेव्हा तो घाबरून आधी आईकडेच वळला, आणि ती त्याला दिसली, चष्म्यासकट, हसताना. लगेच तो पुन्हा पुढे वळून कवचं फेकायला लागला. कल्पनेच्या जगात भीती हवीच, ती नसेल तर राक्षस कशाला? पण ती भीती वाटून घेता आली पाहिजे. जत्रेत पाळण्यात बसताना आपण कुणाचा तरी हात धरतो तो यासाठीच.

त्याच भागाला लागून डिसेंबर २०२४ मध्ये डाँकी काँगचा प्रदेश उघडला आहे. तिथल्या खाणीतल्या गाडीच्या कोस्टरवर डोळ्यांवर काहीही चढवायचं नाही. समोर रूळ तुटलेला दिसतो आणि गाडी त्यावरून उडी मारून पलीकडच्या रुळावर पडल्यासारखी जाते. खरा रूळ गाडीच्या बाजूला लपवलेला आहे. दिसतो तो नुसता देखावा. चष्म्याशिवाय जमत असेल तर चष्मा नकोच, हे मी माझ्या गिऱ्हाइकांना नेहमी सांगते आणि ते नाराज होतात, कारण त्यांना जाहिरातीत व्हीआर लिहायचं असतं. इथून पुढे त्यांना मी या दोन राइड शेजारी शेजारी दाखवणार आहे. एकात चष्म्यानं काहीतरी खरंच आणलं आहे, दुसऱ्यात त्याची गरज नव्हती म्हणून तो नाही.

जाणार असाल तर थोडं उपयोगाचं. कोबेहून येणाऱ्यांनी हानशिनच्या गाडीनं निशिकुजोला उतरून जेआरची युमेसाकी मार्गाची गाडी धरावी, ती युनिव्हर्सल सिटी स्थानकावर सोडते. ओसाका शहरातूनही निशिकुजोवरूनच जायचं. पार्कात शिरलं म्हणजे निन्टेन्डोच्या भागात शिरलं असं नाही. गर्दीच्या दिवशी तिथे वेळ लिहिलेला वेगळा पास लागतो, तो ॲपवर आधी बघून ठेवा, नाहीतर मुलाला दारातून परत आणावं लागेल. एकट्यानं बसायला मुलाची उंची १२२ सेंटिमीटर हवी, सोबत मोठं माणूस असेल तर १०७ चालते. भाचा मधल्या मापात होता म्हणून ताई त्याच्या शेजारी बसली. नंबरचा चष्मा काढायची गरज नाही, एआरचा चष्मा त्यावरून बसतो. पुन्हा बसायची इच्छा झाली आणि चौघांनी एकत्रच बसायचा हट्ट नसेल तर एकट्या माणसांची रांग वेगळी असते, ती भराभर सरकते. मनगटाचा पॉवर-अप बँड वेगळे पैसे देऊन मिळतो. राइडसाठी तो लागत नाही, पण बाहेर भिंतीवरचे ठोकळे ठोकून नाणी जमवायची असतील तर मुलं तो मागणारच, तेव्हा बजेटमध्ये धरा. ज्येष्ठांना न्यायला हरकत नाही, गाडी आपटत नाही. पण मानेचा त्रास असणाऱ्यांनी नेम धरायच्या नादात मान किती वळवायची ते ठरवूनच बसावं.

परत आल्यापासून आमच्या स्टुडिओत चर्चा आहे ती त्या कड्याची. ते जसंच्या तसं इथे चालणार नाही. आपल्याकडची डोकी वेगळी आहेत, म्हणजे डोक्यावर असतं ते वेगळं. चापून लावलेलं तेल, अंबाडा, वेणीवरचा गजरा, पगडी, ओढणी. कपाळावरची टिकली फोममध्ये चिकटते आणि पुढच्या माणसाच्या कपाळावर निघते. कुंकू तर डागच पाडतं. त्यात मे महिन्यातला घाम. मागची चकती नेमकी अंबाड्यावर येते, म्हणून ती कानाच्या बाजूला न्यायचा विचार आहे. कपाळावरची पट्टी फोमऐवजी पुसता येईल अशा सिलिकॉनची आणि भुवयांच्या मधोमध खाच ठेवलेली, म्हणजे टिकलीला धक्का लागणार नाही. पगडीसाठी वेगळं, वरून न जाता नुसतं कपाळावर टेकणारं कडं लागेल, ते अजून सुटलेलं नाही. आणि कड्याला रूप काय द्यायचं, हाही प्रश्न आहेच. आमच्या राइडची गोष्ट पाताळातल्या नागांची आहे, तेव्हा फण्याचं शिरोभूषण करावं असं माझं म्हणणं. गिऱ्हाइकाला त्यावर स्वतःचं बोधचिन्ह हवंय. मी अडून बसले आहे. पहिला नमुना तयार झाला की बाबा तो साताऱ्याला नेणार आहेत. आगारातले त्यांचे निवृत्त चालक-वाहक मित्र, त्यांच्या बायका आणि नातवंडं, एवढी सगळी वेगवेगळ्या मापांची डोकी त्यांनी आधीच कबूल करून ठेवली आहेत.